मार्च एंडची जड एक्सेल फाइल सर्व्हरवर नेताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

सोलापुरातल्या पतसंस्था, नागरी बँका, फायनान्स कंपन्या आणि सीए कार्यालयांत हे काम बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतं. मार्च एंडला फाइल लटकते, विषय संचालक मंडळापुढे जातो, कोटेशनं येतात, सर्व्हर येतो, तीच फाइल त्यावर कॉपी केली जाते आणि तिथेही ती तेवढाच वेळ घेते. काही ठिकाणी तर जास्तच. खरेदी हा या कामाचा पाचवा टप्पा आहे. आपल्याकडे तो पहिला होतो, म्हणून हा लेख.

उदाहरण म्हणून एक मध्यम आकाराची संस्था धरू. कर्जदारांत यंत्रमागवाले, चादर-टॉवेलचे कारखानदार, ऊस उत्पादक आणि पगारदार आहेत. कर्जखाती ६०,०००. प्रत्येक खात्याचा पुढच्या १२० महिन्यांचा हप्ता, व्याज आणि संभाव्य तोटा काढायचा आहे, तोही २०० वेगवेगळ्या परिस्थितींत: व्याजदर वाढला तर, सुताचे भाव चढले तर, उसाची बिलं लांबली तर. गुणाकार केला की १४४ कोटी आकडे होतात. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे हे काम एका शीटचं नव्हेच, तरी ते शीटमध्येच कोंबलेलं असतं.

आधी हद्द ठरवा. बँकेचं प्रत्यक्ष एनपीए (थकीत कर्जांचं) वर्गीकरण या लेखात येत नाही. मोठ्या नागरी सहकारी बँकांना सिस्टीमवर आधारित वर्गीकरण करण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० मध्येच दिला. ते काम सीबीएसमध्येच (बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीतच) व्हायला हवं. तो आदेश लागू नसला तरी वर्गीकरण एक्सेलमध्ये ठेवू नका, असं माझं मत आहे. इथे विषय आहे तो अंदाज, ताणचाचण्या (वाईट परिस्थितीत काय होईल याचा हिशेब), तरतुदीची आकडेमोड आणि व्यवस्थापनाचे अहवाल यांचा.

## टप्पा १: वेळ नक्की कुठे जातो ते मोजा

फाइलची प्रत घ्या आणि मूळ फाइलला हात लावू नका. प्रतीत गणना मॅन्युअलवर टाका आणि चार वेळा घड्याळ लावून लिहून काढा: फाइल उघडायला लागणारा वेळ, सीबीएसमधून डेटा आणून चिकटवण्याचा वेळ, गणनेचा वेळ, आणि सेव्ह-छपाईचा वेळ. गणना मोजताना कंट्रोल+ऑल्ट+एफ९ दाबा. नुसता एफ९ फक्त बदललेल्या भागाचीच गणना करतो, त्यामुळे आकडा फसवा येतो.

गणना चालू असताना टास्क मॅनेजर उघडून ठेवा. आठ कोअरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणक भागांच्या) मशिनवर सीपीयू १२-१३ टक्क्यांवर अडकलेला दिसला, तर एकच कोअर राबतोय आणि बाकीचे सात रिकामे आहेत. हे दिसलं की सर्व्हरचा विषय तूर्त बाजूला ठेवा. व्हीबीए मॅक्रो (एक्सेलच्या आत लिहिलेला प्रोग्रॅम) एका वेळी एकाच कोअरवर चालतो, मग मशिन केवढंही घ्या. सर्व्हरच्या प्रोसेसरला कोअर भरपूर असतात, पण एकेका कोअरचा वेग पुष्कळदा चांगल्या डेस्कटॉपपेक्षा कमी असतो. महागडा सर्व्हर हळू चालण्याचं कारण बहुतेकदा हेच निघतं.

आता मोजलेल्या आकड्यांवर थोडा हिशेब करा. समजा एकूण तीन तास लागतात. त्यातली २० मिनिटं डेटा आणण्यात जातात आणि ती वाटून देता येत नाहीत. उरलेली १६० मिनिटं वाटता येतात. आठ कोअरवर ४० मिनिटं, सोळावर ३० आणि बत्तीसवर २५ मिनिटं लागतील. सोळावरून बत्तीसवर जाताना खर्च जवळपास दुप्पट आणि बचत पाच मिनिटांची. कारखान्यात माग वाढवले पण बीम (मागाचा सुताचा रूळ) भरणारा एकच ठेवला, तर नवे माग उभेच राहतात. तेव्हा त्या २० मिनिटांकडे आधी बघा.

तपासणी: चारही वेळा कागदावर आहेत का? ऑफिस ३२-बिट आहे की ६४-बिट, हे ‘अबाउट एक्सेल’मध्ये पाहिलं का? ३२-बिट एक्सेलला दोन, फार तर चार जीबी मेमरी वापरता येते. मशिनमध्ये १२८ जीबी घातली तरी हा आकडा बदलत नाही.

## टप्पा २: फाइल आहे तिथेच हलकी करा

पुष्कळ कार्यालयांचं काम या टप्प्यावरच भागतं आणि सर्व्हरची गरज उरत नाही. विकणाऱ्याला हा टप्पा आवडत नाही, त्यामुळे तो कोटेशनमध्ये नसतो.

१. सारखी जागी होणारी फंक्शनं शोधा. ऑफसेट, इनडायरेक्ट, टुडे, नाऊ, रँड ही फंक्शनं दर गणनेला पुन्हा चालतात आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले सगळे सेलही त्यांच्यासोबत चालतात. इनडायरेक्ट तर अनेक कोअरवर वाटलंही जात नाही. ऑफसेटच्या जागी इंडेक्स वापरा. अहवालाची तारीख टुडेने न घेता एका सेलमध्ये हाताने लिहा. ३१ मार्चचा अहवाल ४ एप्रिलला उघडल्यावर आकडे बदलण्याचा प्रकारही त्यामुळे थांबतो.

२. व्हीलुकअप कमी करा. ६०,००० ओळींसाठी ६०,००० ओळींच्या यादीत अचूक जुळणी शोधायची, तर सरासरी ३०,००० तुलना प्रत्येकी, म्हणजे एका कॉलमला १८० कोटी तुलना. असे दहा कॉलम असतील तर दसपट. नव्या आवृत्त्यांत एक्सेल आतल्या आत यादीची सूची बांधून हे पुष्कळ हलकं करतं, पण २०१३ किंवा २०१६ चं ऑफिस अजून कितीतरी शाखांत चालू आहे. एका कॉलममध्ये मॅचने ओळीचा नंबर एकदाच काढा आणि बाकीचे दहा कॉलम इंडेक्सने भरा.

३. पूर्ण कॉलमचे संदर्भ काढा. समइफला पूर्ण कॉलम दिला तर ते वापरलेल्या भागापुरतंच बघतं. समप्रॉडक्ट आणि अॅरे फॉर्म्युले मात्र दहा लाख ओळी चाळत बसतात.

४. ‘व्हॉट-इफ’मधली डेटा टेबलं वेगळ्या फाइलमध्ये काढा. त्यांची गणना अनेक कोअरवर वाटली जात नाही.

५. मॅक्रोत एकेक सेल वाचू-लिहू नका. सगळा पट्टा एकदम अॅरेमध्ये (मेमरीतल्या यादीत) घ्या, हिशेब तिथे करा आणि एकदाच परत लिहा. तासाचं काम मिनिटांवर येतं ते बहुधा इथेच.

६. कंट्रोल+एंड दाबून बघा. कर्सर डेटाच्या खूप खाली गेला तर खालच्या रिकाम्या दिसणाऱ्या ओळी काढून टाकून सेव्ह करा.

सावधान: सीबीएसमधून डेटा जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये येत असेल तर आजच बंद करा. त्या प्रकारात ६५,५३६ ओळीच मावतात. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी याच मर्यादेमुळे मुख्य यादीत आल्या नव्हत्या. ६०,००० खात्यांची संस्था या काठावरच उभी आहे.

तपासणी: हलकी केलेली फाइल आणि मूळ फाइल यांचा निकाल पैशापर्यंत जुळतो का? जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. फरकाचं कारण सापडेपर्यंत इथेच थांबा.

## टप्पा ३: आवक, गणना आणि निकाल वेगळे करा

सर्वात जास्त वेळ इथे द्या. सर्व्हरला फाइल देता येत नाही, काम देता येतं. कामाला आवक लागते, ठरलेली रीत लागते आणि निकाल ठेवायला जागा लागते. आपल्या फाइलींत हे तिन्ही एकाच शीटमध्ये गुंतलेले असतात. वर संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह, मध्ये डेटा, बाजूला फॉर्म्युले आणि खाली ‘तयार करणार / तपासणार’ यांच्या सह्यांची जागा.

३.१ हाताने टाकलेले आकडे शोधा. प्रत्येक फाइलमध्ये पिवळे सेल असतात. फॉर्म्युल्याच्या कॉलममध्ये कुणीतरी मागच्या वर्षी थेट आकडा टाकलेला असतो, कारण ‘त्या पार्टीचं वेगळं ठरलंय’. ‘गो टू स्पेशल’मध्ये जाऊन फॉर्म्युल्याच्या कॉलममधले स्थिर आकडे निवडा. ते लगेच दिसतात. ते खोडू नका आणि तसेच सोडूही नका. ‘अपवाद’ नावाची वेगळी यादी करा: ग्राहक क्रमांक, खाते क्रमांक, मूळ आकडा, बदललेला आकडा, कारण, कुणाच्या मंजुरीने, किती तारखेपर्यंत. पुढे सर्व्हर हीच यादी आवक म्हणून वाचेल. ऑडिटरने विचारल्यावर उत्तरही हीच यादी देईल.

३.२ खाते क्रमांक मजकूर म्हणून घ्या. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा अचूक ठेवतं. १६ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून उघडला तर शेवटचा अंक शून्य होतो आणि पुढे-मागे नंबर असलेली दोन खाती एकच होऊन बसतात. सुरुवातीचे शून्यही गळतात. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल डबल-क्लिक करून उघडण्याची सवय सोडा. पॉवर क्वेरीतून (एक्सेलमधल्या डेटा आणण्याच्या सोयीतून) आणा आणि कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा.

३.३ तारखा वर्ष-महिना-दिवस अशा घ्या. ०३/०४/२०२५ ही आपली ३ एप्रिल. सर्व्हरवर विंडोज बहुतेकदा अमेरिकन सेटिंगने बसवलेलं असतं, तिथे तीच तारीख ४ मार्च वाचली जाते. हप्ता ३० दिवस आधीचा ठरतो आणि एसएमए-१ या थकबाकीच्या पायरीवरचं खातं पुढच्या एसएमए-२ पायरीवर जाऊन बसतं. २५/०३/२०२५ ला मात्र पंचविसावा महिना नसल्यामुळे ती नुसता मजकूर म्हणून राहते. काही तारखा चुकीच्या आणि काही मजकूर, असा हा घोळ असतो. एरर कुठेच येत नाही. म्हणून निर्यातच २०२५-०४-०३ अशी मागा.

३.४ रकमेतून स्वल्पविराम, ‘नावे’, ‘जमा’ काढा. ‘१,२३,४५६.०० नावे’ हा माणसाला आकडा वाटतो, प्रोग्रॅमला नाही. रक्कम एका कॉलममध्ये, नावे-जमा दुसऱ्या कॉलममध्ये.

३.५ मराठी नावं. साध्या सीएसव्हीमध्ये सेव्ह केलं की देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. काही जुन्या संस्थांत नावं श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये भरलेली आहेत. ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागतील. खरं तर गणनेला नाव लागतच नाही. ग्राहक क्रमांक पुरतो. नाव, मोबाइल, आधार हे कॉलम सर्व्हरकडे पाठवूच नका. चुकीच्या हातात पडण्याची भीतीही तेवढी कमी होते.

तपासणी: आवक फाइलमधल्या ओळींची संख्या सीबीएसच्या अहवालाशी आणि एकूण येणे रक्कम तेरजेशी (ट्रायल बॅलन्सशी) जुळते का? ही तपासणी माणसावर सोडू नका. प्रोग्रॅमची पहिली पायरी तीच ठेवा. जुळलं नाही तर रन (गणनेची अख्खी फेरी) तिथेच थांबला पाहिजे.

## टप्पा ४: काम कुठे कापायचं ते ठरवा

एक तुकडा दुसऱ्या तुकड्याच्या निकालाची वाट बघत नसेल तरच काम वाटून देता येतं. कर्जखात्यांचं काम बहुतांशी असं असतं, पण तीन ठिकाणी लोक फसतात.

खात्यानुसार कापू नका, कर्जदारानुसार कापा. एखाद्या चादर कारखानदाराचं कॅश क्रेडिट, यंत्रसामग्रीचं मुदत कर्ज आणि सोनेतारण अशी तीन खाती असतात. उत्पन्न ओळख आणि वर्गीकरणाचे नियम कर्जदारानुसार चालतात. एक खातं बिघडलं की बाकीचीही त्याच्याबरोबर जातात. ही तीन खाती तीन वेगळ्या तुकड्यांत गेली तर कुणालाच पूर्ण चित्र दिसत नाही आणि तोटा कमी दिसतो. व्यवस्थापनाला असा निकाल आवडतो, हाच यातला खरा धोका.

शाखेनुसारही कापू नका. सुचायला ते सोपं आहे: बार्शी एक तुकडा, पंढरपूर एक, करमाळा एक, नवी पेठ एक. पण नवी पेठेत १४,००० खाती आणि करमाळ्यात ९०० असली, तर करमाळा काही मिनिटांत संपतो आणि सगळा रन नवी पेठेसाठी अडून राहतो. ग्राहक क्रमांकांच्या साधारण समान गठ्ठ्यांत वाटा. गठ्ठ्यांची संख्या कोअरच्या तिप्पट-चौपट ठेवा, म्हणजे ज्याचं आधी संपेल तो पुढचा गठ्ठा उचलेल. पण फार बारीकही करू नका. वर्कबुक उघडायलाच ४० सेकंद लागत असतील, तर एका मिनिटाच्या कामाचा गठ्ठा करण्यात अर्थ नाही.

यादृच्छिक आकड्यांचं बीज, म्हणजे ज्या आकड्यापासून त्यांची माळ सुरू होते तो. संभाव्य तोट्याची मॉडेलं हजारो वेळा फासे टाकतात. व्हीबीएतलं आरएनडी फंक्शन रँडमाइझ न करता वापरलं, तर एक्सेल नव्याने सुरू झाल्यावर दर वेळी आकड्यांची तीच माळ देतं. आठ कोअरवर आठ एक्सेल चालू झाली तर आठही जण तेच फासे टाकतात. निकाल आठपट भक्कम दिसतो, असतो मात्र एकाच रनचा. शीटमधल्या रँडची अडचण उलटी: त्याला बीज देताच येत नाही, त्यामुळे कालचा निकाल आज पुन्हा काढता येत नाही. प्रत्येक गठ्ठ्याला वेगळं, ठरलेलं बीज द्या आणि ते लॉगमध्ये (रनच्या नोंदीच्या फाइलमध्ये) लिहा.

तपासणी: एकच गठ्ठा दोनदा चालवा. निकाल तंतोतंत तोच आला पाहिजे. मग दोन वेगळे गठ्ठे चालवून फासे वेगळे पडले का ते पाहा.

## टप्पा ५: वाट निवडा, मग खरेदी करा

चार वाटा आहेत. माझा कल लपवत नाही.

अ) रिमोट डेस्कटॉप सर्व्हर. सगळे जण सर्व्हरवर येऊन तिथलंच एक्सेल वापरतात. डेटा शाखांच्या पेनड्राइव्हवर भटकत नाही, हा मोठा फायदा. वेगासाठी मात्र ही वाट नाही. विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी दोनच जोडण्या मिळतात. त्यापुढे प्रत्येक वापरणाऱ्याचा किंवा यंत्राचा स्वतंत्र परवाना लागतो. शिवाय असं सामायिक वापरायला चालणारी ऑफिसची योजना असावी लागते. कोटेशनमध्ये या दोन ओळी आहेत का, ते बघा.

आ) सर्व्हरवर माणसाशिवाय एक्सेल चालवणं. रात्री दोन वाजता टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणारी विंडोजची सोय) एक्सेल उघडतो, मॅक्रो चालवतो. सगळ्यांना हेच हवं असतं. पण सर्व्हरवर विनादेखरेख ऑफिस चालवण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, आणि त्याला कारण आहे. एक्सेल माणूस समोर आहे असं धरून बनवलेलं आहे. ‘लिंक अपडेट करायच्या का?’ अशी एक चौकट उघडते आणि सकाळपर्यंत उत्तराची वाट बघत बसते.

इ) गणना एक्सेलबाहेर काढणं. आवक आणि अहवाल एक्सेलमध्येच ठेवा. मधली आकडेमोड डेटाबेस किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहा. आपल्या आकाराच्या संस्थेसाठी हीच वाट योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे. ८ ते १६ कोअरचं एक चांगलं मशिन पुरतं. कर्मचाऱ्यांना शीट ओळखीचंच राहतं. खर्च सुरुवातीला एकदाच होतो, आणि तो यंत्रापेक्षा माणसाच्या वेळेचा असतो.

ई) क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेली अनेक मशिनं. मायक्रोसॉफ्टच्या एचपीसी पॅक या सॉफ्टवेअरमध्ये एक मुख्य नोड (मशिन) काम वाटतो आणि बाकीचे नोड ते करतात. एक्सेल वर्कबुकं क्लस्टरवर चालवायची सोय एक्सेल २०१० आणि विंडोज एचपीसी सर्व्हर २००८ आर२ पासून आहे. अख्खं वर्कबुक वाटायचं तर प्रत्येक नोडवर एक्सेल लागतं. फक्त फंक्शनं वाटायची तर ती एक्सएलएल (एक्सेलला जोडायची वेगळी प्रोग्रॅम फाइल) म्हणून लिहिलेली असावी लागतात, व्हीबीएतली चालत नाहीत. मोठ्या विमा कंपन्या आणि ट्रेझरी कक्षांना याचा उपयोग होतो. ६०,००० खात्यांच्या संस्थेने क्लस्टर घेऊ नये.

क्लाउडवर मशिन भाड्याने घेणं हा यातला पोटप्रकार आहे. वर्षातून चारच वेळा जड रन असेल तर परवडतो. पण ग्राहकांचा डेटा बाहेर जाणार असेल तर संचालक मंडळाची लेखी मंजुरी आधी घ्या. एक्सेलमधलं पायथनही तुमच्या मशिनवर चालत नाही. ते मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चालतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

## टप्पा ६: सर्व्हर मांडून घ्या

- प्रदेश आणि भाषा: विंडोजमध्ये भारत निवडा. ज्या खात्याने रन चालणार आहे त्या खात्यात शिरून निवडा. अॅडमिनच्या खात्यात बदलून उपयोग नाही, कारण हे सेटिंग खात्यागणिक वेगळं असतं.
- रनसाठी वेगळं खातं: कुणाच्याही नावाचं नको. त्या कर्मचाऱ्याची बदली होते, पासवर्ड बदलतो आणि ३० जूनची रात्र वाया जाते.
- मॅप केलेले ड्राइव्ह वापरू नका. तुम्ही लॉगइन असताना दिसणारा झेड ड्राइव्ह शेड्युलरला दिसतोच असं नाही. सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण पत्ता द्या.
- जुने मॅक्रो: ६४-बिट ऑफिसवर विंडोजची फंक्शनं बोलावणाऱ्या ओळींत पीटीआरसेफ हा शब्द नसेल तर मॅक्रो सुरूच होत नाही. हे आधीच तपासून घ्या.
- विंडोज अपडेट: तिमाही अखेरच्या आठवड्यात आपोआप रीस्टार्ट बंद.
- घड्याळ: वेळ एनटीपी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवून ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत हे आहे, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवणंही आहे.
- ऊन आणि वीज: सोलापुरात मार्च संपतानाच पारा चाळिशीकडे निघतो. सर्व्हर जिन्याखालच्या बंद खोलीत ठेवला तर प्रोसेसर तापल्यावर स्वतःच वेग कमी करतो आणि रन का लांबला ते कुणाला कळत नाही. रात्री एसी बंद करून जाण्याची शिस्त या खोलीला लावू नका. यूपीएस किती मिनिटं टिकतो ते कागदावर वाचू नका. शनिवारी दुपारी मेन बंद करून प्रत्यक्ष बघा.

## टप्पा ७: रन असा लिहा की मध्येच तुटला तरी चालेल

वीज जाणारच आहे, असं धरून लिहा. प्रत्येक गठ्ठ्याचा निकाल वेगळ्या फाइलमध्ये जाऊ द्या. आधी तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या. रन पुन्हा सुरू केल्यावर प्रोग्रॅमने फक्त राहिलेले गठ्ठे उचलावेत. असं केलं नाही तर अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण समजली जाते आणि एकूण रकमेत शे-दोनशे खाती गायब होतात.

सगळ्या गठ्ठ्यांनी एकाच वर्कबुकमध्ये लिहायचं नाही. ते एकमेकांना अडवतात किंवा एकमेकांवर लिहितात. एकत्र करण्याची पायरी शेवटी आणि एकदाच. तीही गठ्ठ्यांची संख्या आणि खात्यांची संख्या मोजूनच सुरू व्हावी.

लॉगमध्ये एवढं हवं: आवक फाइलचं नाव आणि वेळ, ओळी, एकूण रक्कम, प्रोग्रॅमची आवृत्ती, अपवाद यादीतल्या ओळी, प्रत्येक गठ्ठ्याचं बीज, सुरुवात, शेवट. रन यशस्वी झाल्याचा संदेश सगळेच पाठवतात. सकाळी सातपर्यंत *संदेश आला नाही* तर कुणी काय करायचं, ते लिहून ठेवा. सर्व्हर बंद पडला असेल तर अपयशाचा संदेश पाठवणार कोण?

## टप्पा ८: जुनी आणि नवी पद्धत शेजारी चालवा

निदान एक पूर्ण तिमाही. एक महिना पुरत नाही, कारण तिमाहीचं व्याज आणि तरतुदीची आकडेमोड त्यात येत नाही. तुलना एकूण रकमेवर न करता खातेनिहाय करा. एका खात्यात ५०,००० जास्त आणि दुसऱ्यात तेवढेच कमी असले तर एकूण बेरीज छान जुळते.

फरक आले की त्यांची कारणं बहुधा अशी निघतात:

राउंडिंग. शीटमधलं राउंड ०.१२५ चं ०.१३ करतं. व्हीबीए आणि पायथनमधलं राउंड त्याचं ०.१२ करतं, कारण ते बरोबर अर्धा आल्यावर सम अंकाकडे झुकतं. एक नियम ठरवा आणि तो सगळीकडे तोच लिहा. राउंडिंगने किती फरक पडू शकतो याचीही हद्द काढता येते: एका खात्यात जास्तीत जास्त अर्धा पैसा धरला तर ६०,००० खात्यांत ३०० रुपये. एकूण फरक त्याहून जास्त असेल तर ‘राउंडिंगचा असेल’ म्हणून सोडू नका.

बेरजेचा क्रम. दशांशांची बेरीज वेगवेगळ्या क्रमाने केली की शेवटचे अंक हलतात, आणि वाटून दिलेल्या कामात क्रम दर वेळी बदलतो. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. एक हजार कोटी रुपये पैशांत तेरा अंकी होतात. एक्सेलच्या पंधरा अंकांत ते आरामात बसतात.

हप्त्याच्या तारखा. ३१ जानेवारीला एक महिना जोडला की २८ फेब्रुवारी. त्यात पुन्हा महिना जोडला की २८ मार्च. मूळ तारखेत दोन महिने जोडले तर ३१ मार्च. जुनी फाइल एका रीतीने आणि नवा प्रोग्रॅम दुसऱ्या रीतीने चालला, तर तीन दिवसांच्या व्याजाचा फरक हजारो खात्यांत पसरतो. कोणती रीत बरोबर, ते कर्जाच्या करारावरून ठरवा, फाइलवरून नाही.

जुन्या फाइलमधली चूक. ही निघतेच. ती निघाल्यावर नव्या प्रोग्रॅमला जुन्यासारखं चुकायला लावू नका. फरक लिहा, मागच्या अहवालांवर त्याचा काय परिणाम होतो ते काढा आणि ऑडिटरला आपणहून दाखवा.

तपासणी: फरकाच्या यादीत ‘कारण माहीत नाही’ अशी एकही ओळ नसावी. रक्कम चार रुपयांची असली तरीही.

## टप्पा ९: बदल करा आणि जुनी फाइल मिटवून ठेवा

बदल मार्चमध्ये करू नका. जुलै किंवा ऑक्टोबर घ्या, म्हणजे मार्च एंडच्या आधी निदान एक तिमाही अखेर नव्या पद्धतीवर निघालेली असेल. प्रोग्रॅम एकट्या लिहिणाऱ्याला कळतो अशी स्थिती नको. दुसऱ्या एका कर्मचाऱ्याने सूचनांचा कागद समोर ठेवून, फोन न करता, एक रन पूर्ण करून दाखवावा. तो जिथे अडेल तिथे कागद दुरुस्त करा, त्याला समजावत बसू नका.

फॉर्म्युल्यात पुढे कोणताही बदल करायचा असेल तर आधी त्याची एक ओळ नोंदवहीत: काय, का, कुणाच्या मंजुरीने, कोणत्या रनपासून. मग पन्नासएक खात्यांचा ठरलेला नमुना चालवून जुना-नवा निकाल फाइलला लावा. नमुन्यात सोपी खाती घेऊ नका. पुनर्रचना झालेलं, मुदतीआधी फेडलेलं, अपवाद यादीतलं, ३१ तारखेला वाटप झालेलं आणि शून्य शिल्लक असलेलं, अशी खाती हवीत.

जुन्या फाइलच्या नावात ‘वापरू नये’ आणि तारीख घाला, ती फक्त वाचता येईल अशी करा आणि ऑडिट पूर्ण होईपर्यंत जपून ठेवा. शाखांच्या डेस्कटॉपवर तिच्या ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘फायनल साहेब’ अशा प्रती असतीलच. त्या शोधून काढायला एक माणूस आणि एक पूर्ण दिवस द्या, आणि शाखाधिकाऱ्याकडून प्रती काढल्याची सही घ्या.